फणसाखालची तुळई

मित्रांनो, ही गोष्ट २०२० सालची, कोकणात निसर्ग वादळ आलं त्या वर्षाची. मी एक जुनी सागवानी तुळई आहे. रेवदंड्याजवळच्या एका वाडीत गोठ्याचं छप्पर मी कितीतरी वर्षं पेललं. सुताराने मला रंधा मारला तेव्हा बघणारे म्हणाले होते, काय लाकूड आहे! पुढे गुरं गेली आणि मला सगळे विसरले. रिकाम्या गोठ्यात मान वर करून कोण बघतं?

वादळात गोठा कोसळला. सुपारीची झाडं काडीसारखी मोडली. फणस मात्र पुरता पडला नाही. निम्मी मुळं उघडी टाकून तो कलला. वाडीची मालकीण कुमुद हिने मला ढिगाऱ्यातून काढवलं आणि त्याच्या खोडाला टेकू म्हणून लावलं.

पावसाळा सरल्यावर मुंबईहून तिचे दीर तात्या आले. वाडीत त्यांचाही वाटा. विकायची तर कुमुदची सही हवी होती.

"वहिनी, फणस जगला तर बघू. नाहीतर विकून मोकळे होऊ. तुम्ही सोशिक, हेही सोसाल."

कुमुद गप्प राहिली. तात्यांनी तो होकार धरला.

संध्याकाळी कोर्लईच्या फिलोमिना टीचर आल्या. त्या चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवत.

"सोशिक! लग्नापासून हेच ऐकतेय, टीचर," कुमुद म्हणाली. "आता शिवी वाटते."

"आमच्या मराठी बायबलात सहनशीलता म्हणतात. पण मूळ ग्रीक शब्द निराळा आहे गं. हुपोमोनी. हुपो म्हणजे खाली, मोनी म्हणजे राहणं. ओझ्याखाली राहणं."

"मग तेच की! मुकाट दबून राहायचं."

"छे! दबलेला संपतो. हुपोमोनीवाला पाय रोवून राहतो, पुढचं काहीतरी बघत."

"काय बघत?"

"ते मला काय विचारतेस? तुझं तू बघ."

मी विचारात पडले. छप्पर पेललं, ते यातलं कोणतं? तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं. पण एका वाऱ्यात फणस करकरला, तेव्हा मी सहज घसरू शकले असते. घसरले नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

कुमुदने केळींच्या सावलीत सुपारीची रोपं लावायला घेतली.

दुसऱ्या उन्हाळ्यात फणस वाळला. तात्या कागद घेऊनच आले.

"वहिनी, ठरल्याप्रमाणे..."

"काय ठरलं होतं, भावोजी? मी तर बोललेच नव्हते."

"अहो, पण फणस गेला ना!"

"फणस गेला. मी कुठे गेलेय?"

तात्यांनी कागद पुन्हा पिशवीत ठेवले. मग म्हणाले, "बरं, चहा तरी टाका."

आता तात्या गणपतीला येतात, विक्रीचा विषय काढत नाहीत. त्यांची नात अनुया सुटीत रोपांना पाणी घालते. फिलोमिना टीचर मुलीकडे वसईला गेल्या. फोनवर त्या ग्रीकपेक्षा गुडघ्यांबद्दलच जास्त बोलतात. कुमुद वाडीतच आहे. यंदा सुपारीला पहिले घोस आले.

मित्रांनो, कुणाला सोशिक म्हणण्याआधी त्याच्या ओझ्याला जरा हात लावून बघा.

फणस तोडल्यावर मला पडवीत ठेवलं. वाळवी लागू नये म्हणून कुमुद दर उन्हाळ्यात मला तेल लावते. माझ्यावर आता काहीच भार नाही. त्याची मात्र अजून सवय होत नाही.