वरीलप्रमाणे

मी एक नळी बोलतेय. दोन इंच व्यासाची, हातभर लांबीची आणि सध्या उभी चिरलेली. म्हणून लगेच हळहळू नका. साडेतीन हजार नळ्या, टाक्या आणि भांडी असलेल्या कारखान्यात माझा पहिला नंबर आला होता. कशात, ते सांगतेच. पण त्याआधी सव्वीस वर्षं मला कुणी कुठलाच नंबर का दिला नाही, ते ऐकावं लागेल.

आमचा कारखाना तेल शुद्ध करण्याचा. कच्चं तेल तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. त्यातला सगळ्यात हलका, ठिणगी पडताच भडकणारा भाग मनोऱ्याच्या डोक्यावरून एका जाड नळीतून खाली येतो. ती आमची थोरली. तिच्यावर एक व्हॉल्व आहे. तो कधी बिघडलाच तर तेलाला वळसा घालून जायला वाट असावी, म्हणून तिच्या बगलेत मला जोडलं. मला सगळे बायपास म्हणायचे. भट्टीतून आले तेव्हा माझं अंग साडेपाच मिलिमीटर जाड होतं. वाटलं होतं, एकदा तरी मी सगळा कारखाना तारून नेईन.

तो व्हॉल्व मेला कधी बिघडलाच नाही. माझ्या मधला कॉक कायम बंद. थोरलीतून तेल धावायचं, माझ्यात येऊन बसून राहायचं. तेलाबरोबर पाण्याचे थेंब यायचे, पाण्याबरोबर क्षार. तो सगळा ऐवज माझ्या पोटाशी साचला आणि मला आतून कुरतडू लागला.

दर दोन वर्षांनी काका यायचे. काका म्हणजे तपासणी विभागाचे प्रमुख. अख्खा कारखाना त्यांना काकाच म्हणायचा. हातात लहानशी हातोडी. थोरलीला टण्णकन मारायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे, हात पोचेल तिथे जाडी मोजायचे आणि रजिस्टरात तिच्या ओळीत लिहायचे, 'ठीक'. मग माझी ओळ. मी दोन पुरुष उंचीवर, थोरलीच्या पाठीमागे, अंगावर पत्र्याचं वेष्टण. मला बघायचं तर परांची बांधायला हवी, पत्रा उघडायला हवा. काका मान वर न करता लिहायचे, 'वरीलप्रमाणे'.

तेरा वेळा लिहिलं. तेरा!

अहो, वरीलप्रमाणे कशी असेन मी? ती धावती, मी साचलेली. पण वडीलधाऱ्यांनी एकदा लिहिलं की ते पुसायची आपल्यात पद्धत नाही. नाही म्हणायला, मोठे पाहुणे येणार असले की खालूनच लांब दांड्याच्या ब्रशने माझ्या पत्र्याला चंदेरी रंग मिळायचा. आतून झिजतेय आणि वरून नटतेय. पाहुणे म्हणायचे, "वा, काय राखलंय!"

माझ्या खाली सावली असायची. तिथे दुपारी भाऊ जेवायला बसायचा. भाऊ हा त्या भागाचा ऑपरेटर. पाठ खांबाला टेकवून डबा उघडायचा आणि आत बंदी म्हणून गेटवर ठेवून आलेल्या फोनवर बोलल्यासारखा एकटाच बोलायचा. "भाजी खारट झालीय, आज घरी सांगतोच." मग चार घास खाऊन, "जाऊ दे, नाही सांगत." हा माणूस रोज माझ्या पोटाखाली बसायचा आणि माझं पोट रोज पातळ होत होतं. मला ओरडता येत नव्हतं. नळी ओरडते ती एकदाच.

मग ती आली. सव्वीस वर्षांची, म्हणजे माझ्याच वयाची. कॉलेजातून नवी पद्धत शिकून काकांच्या विभागात रुजू झालेली. तिचं म्हणणं साधं होतं. सगळ्यांना सारखं तपासू नका. ज्याच्यात धोका जास्त, त्याला आधी आणि नीट तपासा. त्यासाठी प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे. तू फुटण्याची शक्यता किती? आणि फुटलीस तर कुणाचं काय होईल? दोन्ही उत्तरं मिळून नंबर ठरायचा. हातात सदा यादी, म्हणून कामगारांनी तिचं नाव ठेवलं यादीबाई. तिने ते हसत घेतलं आणि कामगारांनाच प्रश्न विचारत सुटली. इथून काय जातं? किती तापतं? इथे कोण उभं राहतं?

भाऊ म्हणाला, "उभं कुणी नाही राहत बाई. मी बसतो मात्र, जेवायला."

यादीबाईने मान वर केली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी रंगाकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

तिने रंगीत चौकोनांचा तक्ता काकांपुढे ठेवला. मी लाल कोपऱ्यात, सगळ्यात वर.

"एवढे चौकोन! सापशिडी खेळायची का आता?" काका म्हणाले.

"हो काका. सापाच्या तोंडाशी कोण बसलंय, तेच शोधतेय."

"तीस वर्षं काढली इथे. काही झालेलं नाही."

"झालेलं नाही आणि होणार नाही, यात फरक आहे. आजच परांची हवी मला."

"परांची शटडाउनमध्ये, कारखाना बंद ठेवू तेव्हा. आठ महिने थांब."

"भाऊ थांबणार आहे का आठ महिने उपाशी?" ती म्हणाली. "मोजू द्या. ती नळी ठीक निघाली तर ही यादी मी तुमच्यासमोर फाडेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

ती शेवटची अट काकांना फार आवडली असावी. परांची त्याच दिवशी बांधून झाली.

दुसऱ्या दिवशी दोघं वर आली. माझा पत्रा उघडला, उघड्या अंगाला वारा लागला. यादीबाईने गार जेल लावून जाडी मोजायच्या यंत्राचं बटणाएवढं टोक माझ्या पाठीवर टेकवलं. हातातल्या यंत्रावर आकडा आला, पाच पूर्णांक दोन.

काकांचा चेहरा उजळला. "बघ! फाड यादी. आणि आवाजसुद्धा ऐकून ठेव, म्हणजे खात्री होईल." त्यांनी हातोडी उगारली.

माझ्या आत भडकणारं तेल होतं. खाली भाऊ डबा सोडत होता.

यादीबाईने काकांचं मनगट धरलं. घट्ट. "काका, हातोडी नाही! अजून पोट मोजलं नाहीये."

वयाने दुप्पट असलेल्या साहेबाचा हात धरणं सोपं नसतं. काका लालबुंद झाले. पण तिने सोडलं नाही, आणि दुसऱ्या हाताने टोक माझ्या पोटाशी नेलं.

एक पूर्णांक एक.

तिने पुन्हा मोजलं. तेच. काकांनी यंत्र स्वतःच्या हातात घेतलं, चष्मा पुसला, मोजलं. तेच.

हातोडी त्यांनी इतक्या अलगद खिशात ठेवली, जणू ती काचेची होती. मग वाकून म्हणाले, "भाऊ, ऊठ तिथून. डबा राहू दे. ऊठ म्हणतो ना!"

संध्याकाळच्या आत तो भाग बंद झाला, रिकामा झाला आणि मला कापून खाली उतरवलं. तपासणीच्या खोलीतल्या टेबलावर मला ठेवलं तेव्हा काका शेजारी रजिस्टर उलटत होते. तेरा ठिकाणी स्वतःचंच वळणदार अक्षर.

"पहिल्यांदा परांची मिळाली नाही म्हणून लिहिलं," ते म्हणाले. "मग मागचं बघून लिहीत गेलो."

यादीबाई "जाऊ द्या काका" म्हणाली नाही. तिथेच मला ती सगळ्यात जास्त आवडली.

काकांनी विचारलं, "अशा 'वरीलप्रमाणे' आणखी किती आहेत?"

"एकशे बारा."

"मग बसलीस काय? चल." हातोडी त्यांनी टेबलाच्या खणात टाकली. ती अजून तिथेच आहे.

आता मी याच टेबलावर असते. मला उभं चिरलंय, ते नव्या लोकांना माझ्या कडेवर बोट फिरवता यावं म्हणून. वरून जाड, खाली कागदासारखी. बोट खाली आलं की माणूस ते पुन्हा वर नेऊन खात्री करतो. भाऊ कधी कधी खोलीत डोकावतो, माझ्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "काय गं, बरी आहेस ना?" त्याची जेवायची जागा आता भिंतीपलीकडे आहे. भाजी अजून खारटच असते म्हणे.

माझ्या जागी दुसरी नळी बसवली नाही. तरी यादीतली माझी ओळ यादीबाईने खोडलेली नाही. तुम्हीही कधी पेन हातात घेऊन 'वरीलप्रमाणे' लिहायला जाल, तेव्हा आधी मान वर करून बघा. माझ्यापुढे मात्र ते आता कुणालाच लिहिता येणार नाही. मी पहिल्या नंबरची. माझ्या वर ओळच नाही.