भावाच्या नावावरचे धडे

दुपारचे अडीच वाजले, भांडी आवरली, आणि ताई ओले हात ओढणीला पुसत कॉम्प्युटरपुढे बसली. या घरात डॉक्टरकीचा अभ्यास व्हायचा तो याच वेळी. डॉक्टर होणारा धाकटा भाऊ मात्र तेव्हा कॉलेजात असायचा.

वैद्यकीय कॉलेजने मुलांना घरी करायला कॉम्प्युटरवरचे धडे दिले होते. पडद्यावर रोगी येऊन आपली तक्रार सांगायचा. त्याला काय विचारायचं, कुठली तपासणी करायची, कुठलं औषध द्यायचं, ते एकेक निवडत जायचं. भावाला त्याचा भारी कंटाळा. पहिल्या वर्षी त्याने ताईला गळ घातली, "एवढा एकच करून दे ना गं." एकाचे शंभर कधी झाले ते कुणाला कळलंही नाही. म्हणजे कळलं सगळ्यांना, बोललं कुणी नाही.

शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ताईचे गुण भावापेक्षा सरस होते. तिची शाळा वर्षभर आधी संपली होती, पण वडिलांचं म्हणणं, आधी मुलगा. "याचं तिसरं वर्ष पार पडू दे, मग तुझा प्रवेश. शब्द देतो." त्या शब्दावर विसंबून ती तीन वर्षं घर सांभाळत दुसऱ्याच्या नावाने शिकत होती. हेडफोन लावून हृदयाचा एकेक ठोका तीस-तीस वेळा ऐकत होती. आई भाजी निवडता निवडता म्हणायची, "भावासाठी एवढं तर करावंच लागतं." हे वाक्य बहिणींनाच का ऐकवलं जातं, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

त्या दिवशी पाच वाजता भावाच्या कॉलेजातल्या मॅडम दारात उभ्या राहिल्या. मागे भाऊ, चेहरा पार उतरलेला. वडील आपल्या चष्म्याच्या दुकानातून नुकतेच आले होते. त्यांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. "काय म्हणतात आमचे डॉक्टर?"

"धड्यांत शंभरात शहाण्णव," मॅडम बसल्या नाहीत. "आणि आज वॉर्डात साधा बिघडलेला ठोका ओळखता आला नाही. म्हणून मी कॉम्प्युटरच्या नोंदी काढल्या. धडे होतात दुपारी अडीचला. तेव्हा हा माझ्यासमोर वॉर्डात असतो. मग घरी कोण बसतं?"

ताईला वाटलं, आता हा सांगेल. बोलणी खाईल, पण सांगेल.

"ताई बसते," भाऊ म्हणाला. "मला न विचारता. पासवर्ड चोरला तिनं. मला आजच कळलं."

"नसते उद्योग हो तिचे," वडील हसले. "पोरीची जात, घरात करमत नाही."

मॅडमनी ताईकडे पाहिलं. "खरं आहे हे? उद्या मला नोंद करावी लागेल. मग तुला इथे कधीच प्रवेश मिळणार नाही."

आईने मान वर केली नाही. भाऊ मोबाइलची काच अंगठ्याने पुसत होता. ताई हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. आपल्याच माणसांनी केसाने गळा कापला की आधी दुखत नाही, नुसते हातपाय गार पडतात. मॅडम भावाला महिन्याची मुदत देऊन गेल्या. नवा पासवर्ड, सगळे धडे पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी चहाच्या कपाशेजारी एक चिठ्ठी सरकवली. त्यावर नवा पासवर्ड होता. "या वेळी संध्याकाळी बस. तो घरी असताना. म्हणजे वेळेचा घोळ नको."

"काल मला चोर ठरवलंत ना?"

"अगं, ते बाहेरच्यांसमोर. एवढं काय मनाला लावून घेतेस!"

"आणि माझा प्रवेश?"

"तुझं तर आता गेलंच," वडील चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "निदान त्याचं तरी होऊ दे."

ताईने चिठ्ठीला हात लावला नाही. तिने पायात चपला सरकवल्या.

"भावाच्या मुळावर उठलीस होय गं?" आई रडत आडवी आली.

"आई, पडद्यावरचा माणूस माझ्या हातून मेला तर मी धडा पुन्हा सुरू करते. याच्या हातून वॉर्डातला मेला, तर त्याला कोण उठवणार?"

कॉलेजात मॅडमच्या टेबलापुढे उभं राहून तिने सगळं सांगितलं. चोरी केली नाही, पण तीन वर्षं आपणही खोटं वागलो, हेसुद्धा.

"याची शिक्षा तुलाही होईल," मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे. लिहा."

मॅडमनी फॉर्म ओढला आणि तिचं नाव विचारलं. तीन वर्षं ती ज्या कॉलेजचे धडे शिकली, त्याच्या कागदावर ते पहिल्यांदाच चढलं, तेही अपराधी म्हणून. खाली भावाचं नाव आलं. आई-वडिलांसाठी त्या फॉर्मवर रकानाच नव्हता.