न केलेली घासाघीस

बन्सीलालनं भाव न करता आयुष्यात काही घेतल्याचं कुणी पाहिलेलं नाही. धुळ्यात आग्रा रोडला त्याचं कापडाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची आणि घरी जाताना पुन्हा मेथीवालीशी करायची. कंजूष नव्हता हो, त्याला त्यातच रस होता. सांगितलेल्या भावात माल उचलला तर दुकानदाराला वाईट वाटतं, असं तो खुशाल सांगायचा. पोराच्या, पुनीतच्या, आजारपणात त्यानं हॉस्पिटलच्या मेडिकलवाल्यालाही सोडलं नव्हतं. सलाईन लावलेला पुनीत ते ऐकून पोट धरून हसला होता.

आज जळगावच्या त्याच हॉस्पिटलात डॉक्टरांनी पुनीतला बाहेर बसवलं आणि बन्सीलालला एकट्याला आत घेतलं. रक्ताचा कॅन्सर उलटला होता. यापुढे औषध फक्त दुखणं कमी करायला. "दिवाळीचं मी काही सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याला जे हवं ते करू द्या."

बाहेर येऊन बन्सीलालनं पोराला धडधडीत खोटं सांगितलं, "रिपोर्ट चांगला आहे. औषध बदललंय, बस." पोराला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, एवढं एकच त्यानं जिना उतरताना ठरवलं होतं. मग म्हणाला, "चल, तुझा कॉम्प्युटर घेऊन टाकू."

पुनीत थबकलाच. सुटे भाग आणून स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचं खूळ त्याच्या डोक्यात अकरावीपासून होतं. बाप दर वेळी उडवून लावायचा. शर्ट हवा तर कुणी कापूस आणून सूत काढत बसतं का?

"खरंच, पप्पा?"

"सीझन चांगला गेलाय," बन्सीलाल म्हणाला. तेही खोटंच होतं.

गोलाणी मार्केटात वनाभाऊचा सुट्या भागांचा गाळा होता. पुनीतला धाप लागलेली पाहून वनाभाऊनं आधी स्टूल पुढं केलं आणि गाव कोणतं, धंदा कोणता, ते विचारून घेतलं. पुनीतनं मास्क खाली ओढला आणि बोलायला लागला तो थांबेचना. प्रोसेसर कोणता, गेमसाठी ग्राफिक्स कार्ड कोणतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोणता पंखा टिकेल. बन्सीलालला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो नुसता पोराच्या तोंडाकडे बघत होता. कितीतरी दिवसांनी त्या तोंडावर रंग आला होता.

बाकी सगळे भाग ज्याच्यावर बसतात त्या मदरबोर्डपाशी गाडी अडली. वनाभाऊनं दोन खोकी काढली. एक बोर्ड स्वस्तातला, आजच्यापुरता. दुसऱ्याची किंमत जवळजवळ दुप्पट.

"धुयाना शेतस ना तुम्ही? मंग खरं सांगस," वनाभाऊ म्हणाला. "हाऊ महागना ल्या, शेठ. पाच-सात वरीसमा काय बी बदलानं व्हयनं, बठ्ठं यामाच बसी."

पाच-सात वर्षं! तोवर काही बदललं तरी सगळं याच बोर्डात बसणार, आणि बन्सीलालला तर दिवाळीचीही खात्री नव्हती. आजच्यापुरता द्या म्हणावं, तर पोराला संशय येईल. तो घाईघाईनं म्हणाला, "महागाचाच द्या."

"आणि कार्ड? त्यामा बी दोन..."

"चांगलं असेल ते द्या."

वनाभाऊनं बेरीज करून आकडा सांगितला. समोर व्यापारी माणूस, म्हणून घासाघिशीला ऐसपैस जागा ठेवूनच सांगितला होता. मग तो वाट बघत राहिला. बन्सीलालनं खिशातून फोन काढला आणि विचारलं, "स्कॅनर कुठंय?"

वनाभाऊच ओशाळला. "थोडं कमी करी देस ना, शेठ."

"राहू द्या."

राहू द्या! हे शब्द त्या माणसाच्या तोंडून जन्मात कधी निघाले नव्हते. त्यानं डोळ्यांतलं पाणी अडवलं होतं, आवाजही सांभाळला होता, पण भाव करायचा राहिला आणि तिथंच घात झाला. पुनीत बोलायचा थांबला होता.

तो बापाकडे टक लावून बघत होता. बघता बघता त्याच्या तोंडावरचा रंग उतरला आणि त्यानं मास्क पुन्हा नाकावर ओढला. आपण काय करून बसलो ते बन्सीलालला कळलं. "म्हणजे... वनाभाऊ, काहीतरी कमी कराच," तो म्हणाला, पण आता उशीर झाला होता.

पुनीतनं काउंटरवर कोपर टेकवलं. मग म्हणाला, "वनाभाऊ, ते गेमचं कार्ड काढा यातून."

"काढू? मंग मजा काय?"

"साधं ठेवा. त्याऐवजी स्क्रीन मोठा द्या, रंग खरे दिसतील असा. माझी धाकटी बहीण आहे, हिना. तिला कापडावरची डिझाइन शिकायचीय. बोर्ड मात्र तोच ठेवा. तिला पुढं लागेल."

"अरे, तुझ्यासाठी घेतोय ना आपण," बन्सीलाल कसंबसं म्हणाला.

"जोडणार मीच, पप्पा. तिला शेजारी बसवून जोडतो. म्हणजे काही बिघडलं तर तिचं तिला उघडता येईल."

वनाभाऊ बिल करायला बसला. "वॉरंटी कोना नाववर लिखू?"

"हिना बन्सीलाल ओस्तवाल," पुनीत म्हणाला.

नाव खोडा, पुनीत लिहा, असं बन्सीलालला ओरडून सांगायचं होतं. पण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा त्याला भरवसा नव्हता. तो पैसे देऊन खोकी उचलू लागला.

मार्केटच्या जिन्यात पुनीतला दम लागला आणि तो पायरीवर टेकला. बन्सीलाल खोकी खाली ठेवून शेजारी बसला. माणसं त्यांना वळसा घालून वर-खाली करत होती.

"मम्मीला माहीत आहे?" पुनीतनं विचारलं.

बन्सीलालनं नकारार्थी मान हलवली.

"मग मी सांगतो. तुम्हाला जमायचं नाही."

तेव्हा मात्र बन्सीलाल भर मार्केटात लहान मुलासारखा रडू लागला, आणि पुनीत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.