नदीवरच्या टोळीतला सातवा

पौषातल्या त्या दुपारी राजसी डोंगराकडच्या छोट्या पोलीस ठाण्यात पोचली, तेव्हा ऊन पडलेलं असूनही धुक्यामुळे बदलापूर दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. टेकड्या होत्याही आणि नव्हत्याही. कुळगावात वाढलेली ही मुलगी एका संशोधन संस्थेत नोकरीला होती. उल्हासनगरपासून इथवरच्या प्रत्येक ठाण्यातून चार पानी फॉर्म भरून आणायचा, हे तिचं काम. आपल्या हद्दीत टोळ्या किती, माणसं किती, गेल्या बारा महिन्यांत त्यांनी काय केलं?

उल्हासनगरच्या कॅम्प एकच्या बाजूला एका साहेबांनी चहा संपायच्या आत नऊ टोळ्या सांगितल्या होत्या. अंबरनाथकडच्या दुसऱ्या साहेबांनी, “गँग? आमच्याकडे? एक पण नाय,” म्हणत भलंमोठं शून्य काढलं होतं. आठवडाभर हेच ऐकून राजसीला वाटायला लागलं होतं, की ही माणसं खरी नसतीलच. फॉर्मच्या चौकटींतच जन्मत असतील आणि तिथेच विरत असतील.

इथे फॉर्म भरायला हवालदार कमळाकर बसले. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, अक्षर शाळामास्तरासारखं. त्यांनी सावकाश लिहिलं: टोळ्या, एक. नाव, नदीवरची टोळी. सदस्य, सात.

“काय करतात हे?” राजसीने विचारलं.

“वाळू चोरायचे. रात्रीच्या होड्या घालायचे उल्हास नदीत. कोणी आडवा आला की हाणामारी.”

“आणि गेल्या बारा महिन्यांत?”

कमळाकरांचं पेन थांबलं. खिडकीबाहेर कुणीतरी पेंढा जाळला होता, त्याचा धूर आत येऊन टेबलावर रेंगाळत होता.

“दोघं वारले,” ते म्हणाले. “एक रिक्षा चालवतो. एकाची सोनिवलीला रोपवाटिका आहे, मोगरा झकास लावतो. एक नाशिककडे मठात गेला, एक सासुरवाडीला घरजावई झाला.”

“हे सहा झाले, काका.”

“सातव्याचा ठावठिकाणा नाय.”

राजसीने फॉर्मची पहिली सूचना बोटाने दाखवली. वर्षभरात एकही गुन्हा नसेल, तर त्या गटाला टोळी म्हणायचं नाही. “हे खोडावं लागेल. माझा अहवाल वर जाईल, तिथे यादी पुन्हा तपासतील.”

“नका खोडू, ताई.” आवाज एकदम लहान झाला होता. “टोळी यादीवर आहे तोवर दरसाल सदस्यांचा तपास करावा लागतो. मग मला पत्रं धाडता येतात. सुरतेला, भुसावळला, पार नांदेडपर्यंत. या नावाचा, या वर्णनाचा इसम तुमच्या हद्दीत आहे का, म्हणून. चार वर्षांमागे बदली मागून आलो इथे, त्याच्यासाठीच.”

“कोण आहे तो?”

“महिपती. माझा धाकटा भाऊ.”

राजसीने विचारलं, “मग हरवल्याची नोंद केली असेल ना?”

“नाय केली. चौदा वर्षं झाली. माईने शपथ घातली, माझं लेकरू हरवलंय असं कागदावर लिहायचं नाय. लिहिलं की खरं होतं, म्हणते. आणि मलाही लाज वाटली. पोलिसाचा भाऊ वाळूचोर, आणि वरून बेपत्ता. चोर म्हणून शोधायला सोपं वाटलं मला. भाऊ म्हणून नाय जमलं.”

खोटा फॉर्म तिला नेता येणार नव्हता आणि या माणसाच्या हातून पेनही ओढून घेववत नव्हतं.  ती हलकेच म्हणाली, “काका, टोळीचा सदस्य म्हणून पत्र गेलं तर तो आणखी लांब पळेल. घरचं माणूस शोधतंय, हे त्याला कळायला नको?”

कमळाकरांनी फॉर्म पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी नदीवरच्या टोळीवर एक सरळ रेघ मारली, शेजारी शून्य लिहिलं आणि सही केली. उठले, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि पलीकडच्या टेबलाशी गेले. तिथे सुषमा नावाच्या कॉन्स्टेबल तक्रारी लिहून घेत. रोज ज्या खुर्चीत रडणारी माणसं बसत, त्या खुर्चीत ते बसले.

“सुषमाताई, मिसिंग लिहायचीय.”

“कोणाची, दादा?”

“माझ्या भावाची.”

 सुषमाताईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि नवा कागद घेतला. “शेवटचं कधी पाहिलं?”

“असंच धुकं होतं,” कमळाकर सांगू लागले. त्यांचा आवाज आता हवालदाराचा राहिला नव्हता. “बारवी धरणाच्या वाटेवर. मी ड्युटीवर निघालेलो, तो परत येत होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली. मी ओळख दाखवली नाय. त्याने हात वर केला, दादा, थांब म्हणाला. मी गाडी नाय थांबवली. आरशात पाहिलं, तर नुसतं पांढरं.”

सुषमाताई लिहीत होत्या. राजसीने आपला फॉर्म पिशवीत ठेवला, पण ती उठली नाही.

“अंगावर काय होतं?”

“माझाच स्वेटर,” ते म्हणाले. “निळा. माईने विणलेला.”