कुशीवर रंगवलेली आई

मित्रांनो, मी ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बलाची एक जुनी व्हॅन आहे. मला खटारा म्हणा, कोंबड्यांचं खुराडं म्हणा, मला राग येणार नाही. ते सगळं मी होतेच. पण 'हिला मूळ रूपात आणतो' असं म्हणत कुणी पॉलिश पेपर घेऊन जवळ आलं, की माझं डोकं फिरतं.

माझं मूळ रूप काय होतं ते ऐका. कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीफटक होते. पुढे बसायची जागा, मागे सामानाची लांबलचक पेटी, आणि पेटीला एकही खिडकी नाही. एका खाटकाने मला घेतलं आणि माझ्या उमेदीची वर्षं मेंढीचं मटण वाहण्यात गेली. याला रूप म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

मग मला रसलने घेतलं. सतरा वर्षांचा, तोंडभर मुरुम, पोलादाच्या कारखान्यात उमेदवारी करणारा. सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडच्या पोरांना एकच वेड होतं. माझ्यासारखी व्हॅन घ्यायची, आतून मखमल लावायची, बाहेरून चित्रं काढायची आणि समुद्रावर मिरवायची. चित्रंही ठरलेली. वाघ, गरुड, लाट, नाहीतर अंगावर पुरेसे कपडे नसलेली बाई. रसलला वाघ हवा होता, पण त्याला धड मांजर काढता येत नव्हतं. चित्रकला होती ती त्याच्या धाकट्या बहिणीच्या, ग्लेनिसच्या हातात.

"रंगवते," ती म्हणाली, "पण मला हवं ते."

"काय हवंय तुला?"

"आई."

"आई? समुद्रावर आईला घेऊन फिरू मी? पोरं मला जगू देतील का?"

"मग काढ की तुझा तू वाघ!"

रसलचा नाइलाज झाला.

त्यांची आई एनिड. घर कारखान्याच्या धुराड्यांखाली. वारा त्या बाजूने फिरला की धुतलेल्या चादरींवर काजळी बसायची. म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका कपडे वाळत घालायच्या त्या एक डोळा वाऱ्यावर ठेवूनच. वारा फिरला की एनिड स्वयंपाक टाकून अंगणात धावायची आणि धुराड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. ग्लेनिसने तेच काढलं. माझ्या उजव्या कुशीवर, दरवाज्याच्या मागे आई. दातांत चिमटा, हातात चादर. पुढे कपड्यांची लांब दोरी, आणि अगदी टोकाला धुराडी, ज्यांच्यावर तिने डोळे वटारलेत. रसलला फक्त दोरीवरचे चिमटे रंगवायला मिळाले. तेही त्याने वाकडे काढले.

एनिड बाहेर आली ती वेगळ्याच शोधात होती. बैठकीतले मखमली पडदे गायब होते. ते माझ्या छताला बटणं ठोकून बसवलेले सापडले. पोरांना चार शिव्या घालून झाल्यावर तिचं चित्राकडे लक्ष गेलं.

"एवढी जाडी आहे का गं मी?"

"वाऱ्याने झगा फुगलाय, आई."

"वाऱ्याच्या नावावर नको ढकलूस."

पण ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. त्यानंतर काजळी पडली की ती आधी दोरीवरचे कपडे काढायची आणि मग ओलं फडकं घेऊन माझी ती कूस पुसायची. तेवढीच. डाव्या कुशीचं तिला काही देणंघेणं नव्हतं. समुद्रावर पोरं ओरडायची, "रसल, आई बघतेय रे, नीट बस!" त्याचे कान लाल व्हायचे. माझी मात्र छाती फुगायची. वाघ रस्त्यावर पन्नास होते, आई एकच होती.

पुढे रसलचं लग्न झालं, पोरं झाली आणि मी शेडच्या मागे गेले. माझ्या मखमलीवर कोंबड्यांनी अंडी घातली. एनिड गेली. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी माझं काही पुसलं नाही.

पुसलं ते रसलने! निवृत्त झाल्यावर तो जुन्या गाड्यांच्या मंडळात शिरला. दर रविवारी हे म्हातारे सॉसेज भाजत उसासे टाकतात, "काय दिवस होते ते!" डोळ्यांत पाणीसुद्धा आणतात. आणि यांच्या प्रदर्शनाचा नियम काय? गाडीवर जे कारखान्यातून आलं नाही, त्याचे गुण कापायचे. म्हणजे पोरवयात यांनी स्वतःच्या हातांनी जे केलं, तेच दोष! त्या दिवसांसाठी रडणारा माणूस ते दिवसच घासून काढायला बसला, मित्रांनो. आधी मखमल ओरबाडली. मग मागच्या टोकापासून घासायला घेतलं. धुराडी गेली, चिमटे गेले, दोरी गेली. आईच्या हातातली चादर अर्धी उरली.

त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. ग्लेनिस लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन आली आणि जागीच थबकली.

"रसल, हे काय चाललंय?"

"मूळ रूपात आणतोय गं. नाहीतर परीक्षक गुण कापतात."

"परीक्षकांना आईने वाढवलं का? आईला खरवडतोयस तू, गाढवा!"

"चित्रच तर आहे ते."

"मग घास ना. आता तोंडच घास. मी बघते इथे उभी राहून."

रसलने हट्टाने हात उचलला. पण धुराडी त्याने स्वतःच पुसली होती आणि त्या जागी आता तोच उभा होता. आईचे वटारलेले डोळे सरळ त्याच्यावर होते. त्याचा हात खाली आला. बादली उपडी घालून तो बसला आणि लहान पोरासारखा रडला. ग्लेनिसने त्याला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "चिमटे मीच काढणार."

आता दोरी पुन्हा आली आहे, धुराडीही आली आहेत. मखमल आली नाही, येणारही नाही. प्रदर्शनात परीक्षकाने भराभर गुण कापले आणि ग्लेनिसने त्याला तोंडावर विचारलं, "तुमच्या आईचे किती कापता?"

मित्रांनो, जुन्या वस्तूची कदर करायची असेल, तर तिच्यावर कुणाकुणाचे हात फिरलेत ते आधी विचारा. चकचकीत करायला जन्म पडलाय. रसल आता ओलं फडकं घेऊन माझी उजवी कूस पुसतो. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. चिमटे मात्र त्याने याही वेळी वाकडेच काढलेत.