चंद्राची खिडकी

वहिदानं कागद कापायच्या यंत्राचा दांडा शेवटचा फिरवला. करकरत जाड कागद पलीकडून बाहेर आला, त्यातला गोल तुकडा खाली पडला आणि कागदात पुनवेच्या चंद्रासारखी गोल खिडकी राहिली. तिनं घडी घातली, शुभेच्छापत्र गठ्ठ्यावर ठेवलं आणि खांदा दाबत भिंतीला टेकली.

“झाली एकदाची,” ती म्हणाली.

सून नाझनीन पत्रं पिशवीत भरायला आली. वरचंच एक तिनं उघडायला घेतलं आणि थांबली.

“अम्मी, हे उलट्या बाजूनं उघडून राहिलंय.”

वहिदानं चष्मा लावला. खरंच. घडी उजवीकडं, तोंड डावीकडं. सगळा गठ्ठा तसाच. ती शिकली उर्दू शाळेत. किताब अशीच उघडते, हे हातांना लहानपणापासून पाठ. दमलेल्या डोळ्यांनी काम हातांवर सोडलं आणि हातांनी आपलंच खरं केलं. जित्याची खोड, दुसरं काय! फिरवून धरावं, तर आतला सोनेरी चंद्र आणि ‘आबा, नव्वदीच्या शुभेच्छा’ हा शिक्का डोक्यावर उभा.

“म्हणून म्हणते, बस करा आता.” नाझनीनचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वहिदाला जास्त लागलं. “गुरुलिंग संध्याकाळी यंत्र बघायला येणार हाय. देऊन टाकू.”

नवरा दस्तगीर गेल्यापासून हे यंत्र तिनं एकटीनं ओढलं होतं. उदगीरमधल्या कितीतरी घरांची ईद न् दिवाळी याच टेबलावरून गेली होती. यंत्र जाणार याचं वाईट वाटत होतं, आणि सुटले एकदाची, असंही वाटत होतं. त्या दुसऱ्या वाटण्याची तिला लाज वाटली.

बाहेर रिक्षा थांबली. ही पत्रं करायला सांगून गेलेली तनुजा आत आली. तिच्या आजोबांच्या नव्वदीला येणाऱ्यांनी या पत्रांत चार ओळी लिहून त्यांच्या हाती द्यायच्या, असा बेत होता. पण तिच्या मागोमाग काठी टेकत खुद्द आजोबाच, अमृतराव, उंबरा ओलांडून आले.

“मावशी, आबा ऐकंनात. रिक्षात लई उकडतंय म्हणले.”

नाझनीननं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. तनुजानं हळूच एक पत्र उचललं, उजव्या कडेला नख घातलं, तिथं घडी. तिचा चेहरा पडला.

“हे असं कसं झालं, मावशी? उद्याच कार्यक्रम हाय.”

“माझी चूक हाय, बेटा. दुसऱ्याकडून करून घे. माझ्यानं आता न्हाई होत.”

“काय हाय ते? आण इकडं,” अमृतराव म्हणाले.

“आबा, तुम्ही न्हाई बघायचं!”

पण म्हाताऱ्यानं ते घेतलं होतं. खिडकीतून दिसणाऱ्या चंद्रावर त्यांनी अंगठा फिरवला. मग डाव्या कडेला बोट घालून पान अलगद उजवीकडं उलटलं. क्षणभरही अडले नाहीत. ओठ हलवत आतली ओळ वाचली, मिटवलं, पुन्हा तसंच उघडलं.

“आमची पहिलीची किताब अशीच होती,” ते म्हणाले. “निजामाच्या काळातल्या उर्दू शाळेतली. कोणी बनवलं हे?”

नाझनीननं वहिदाकडं बोट दाखवलं. तनुजानं आजोबांकडं पाहिलं, मग गठ्ठा पिशवीत भरला.

“मावशी, पाहुणे वाढलेत. अजून थोडी लागतील,” निघताना ती म्हणाली. “अशीच.”

रिक्षा गेली. वहिदानं नवा कागद साच्यावर ठेवला आणि तिचा हात थबकला. कोणती बाजू? चुकून जमलेलं आता समजून करायचं होतं. तिनं कागद घडी उजवीकडं येईल असा फिरवून बसवला. दांड्याकडं हात नेला. खांदा वर येईना.

नाझनीन पुढं झाली, दांडा धरला आणि फिरवला. गोल तुकडा खाली पडला.

“गुरुलिंगला काय सांगू?” खाली बघतच तिनं विचारलं.

वहिदानं दुसरा कागद पुढं सरकवला.

“उद्या ये म्हण.”