मुंगीची तारीख

मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती भिंतीला बोट लावून कडेकडेनेच चालायची. चौथं वर्ष सरलं तरी हाक मारली की वळून बघत नव्हती. बोलायची ती फक्त बटणांशी. बाप शिंपी, त्यामुळे घरात बटणांना तोटा नव्हता.

आत्या म्हणायची, बोलेल गं, तुझा नवराही पाच वर्षांपर्यंत मुका होता, आणि आता थांबतोय का बघ. आई हसायची, पण जीव टांगणीलाच असायचा.

लस टोचणाऱ्या नर्सबाईंनी पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं, की ही स्वमग्नता असू शकते, तज्ज्ञांना दाखवा. तज्ज्ञ मोठ्या शहरात. तारीख मिळाली अकरा महिन्यांनंतरची.

अकरा महिने काढून, दोन बस बदलून, सहा तासांनी तिघं तिथे पोचली. हॉल माणसांनी भरलेला, दिवे डोळ्यांवर येणारे. आत बोलावलं तेव्हा मुंगी कान दाबून जी टेबलाखाली शिरली ती बाहेर येईना. डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. खाली वाकून त्यांनी खूप वाट पाहिली, पण दाराबाहेर रांग होती. कागदावर लिहून मिळालं: तपासणी अपूर्ण, पुन्हा यावे. पुढची तारीख नऊ महिन्यांनी.

परतीच्या बसमध्ये बाप म्हणाला, आता पुरे, आपली पोर आपल्याला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी आईने तो कागद नर्सबाईंसमोर ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. नर्सबाईंनी समजूत घातली नाही. मुंगी घरी काय काय करते ते विचारलं आणि आई सांगेल ते लिहून घेतलं. चार पानं भरली. मग डॉक्टरबाईंना फोन लावायला सुरुवात केली. आठ दिवस कुणी दाद देईना. नवव्या दिवशी त्या स्वतः फोनवर आल्या आणि म्हणाल्या, एका मुलीसाठी मी एवढ्या लांब कशी येऊ?

"एकीसाठी नका येऊ," नर्सबाई म्हणाल्या. "माझ्या यादीत अशी एकोणीस मुलं आहेत. एकोणीस घरांनी तुमच्याकडे यायचं, की तुम्ही एकदा इकडे यायचं?"

दीड महिन्याने डॉक्टरबाई आल्या. नर्सबाईंनी दवाखान्यातली औषधांच्या खोक्यांची खोली रिकामी केली होती, चटई अंथरली होती, टिकटिक नको म्हणून घड्याळातला सेलही काढला होता. डॉक्टरबाई खाली बसल्या. बराच वेळ त्या मुंगीचा खेळ बघत राहिल्या. मुंगी बटणांचे ढीग लावत होती, दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. त्यांनी मुद्दाम एक बटण चुकीच्या ढिगात टाकलं. मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचं मनगट धरलं, हात त्या बटणावर नेला आणि तिथून बरोबर ढिगावर. आईने तोंडाला पदर लावला.

दोन तासांनी डॉक्टरबाईंनी सांगितलं, हो, ही स्वमग्नताच आहे. पुढे काय करायचं तेही सावकाश समजावलं. दारात उभ्या असलेल्या बापाने वर्षभर मनात डाचत असलेलं विचारलं.

"मॅडम, आमचं काही चुकलं का?"

"नाही. ती जन्मापासून अशीच आहे. आणि तिला हवं ते मागायला ती माणसाचा हात धरते. तिला माणसांवर विश्वास आहे, तो तुम्हीच दिलाय. तिथूनच पुढे जायचं."

बाप एका खोक्यावर बसला आणि बाहीने डोळे पुसत राहिला.

आता डॉक्टरबाई महिन्यातून एकदा येतात. पहिली चाचणी नर्सबाई स्वतः करायला शिकल्या आहेत, त्यामुळे नव्या मुलाला महिन्याभरात तारीख मिळते. मुंगी अजून फारसं बोलत नाही. चित्रं दाखवून मागायला शिकते आहे. कागदाची चित्रं ती फाडायची, म्हणून बापाने ती कापडावर शिवून दिली. ती बघून इतर आईबापांनीही मागितली. तपासणीच्या दिवशी आता तोही ती चित्रं द्यायला दवाखान्यात येतो, आणि दारात घुटमळणाऱ्या एखाद्या बापाला शेजारी जागा करून देतो.

"बसा," म्हणतो. "वेळ लागेल, पण इथे कुणी घाई करत नाही."